माजघर, खोली आणि दुसरे पर्व

दूरचित्रवाणीवरची मालिका हा समीक्षेचा विषय होऊ शकत नाही, असे मानणारा एक वर्ग आपल्यातही आहे. कविता, कथा, आत्मकथन यांच्याविषयी आपण पोटतिडकीने बोलतो आणि रोज रात्री जेवताना घराघरांत जे पाहिले जाते त्याला 'करमणूक' म्हणून सोडून देतो. माझ्या वर्गातल्या मुली कादंबरी परीक्षेपुरती वाचतात. पण 'दिल दोस्ती दुनियादारी'तली पात्रे त्यांना घरच्या माणसांसारखी ओळखीची असतात. शहरात राहणे म्हणजे काय, मैत्री म्हणजे काय, घराबाहेर पडलेल्या मुलीचे स्वातंत्र्य म्हणजे काय, याच्या कल्पना त्यांना तिथून मिळतात. प्रस्थापित संस्कृती पाठ्यपुस्तकातून जेवढी आत शिरत नाही तेवढी या वाटेने शिरते. ती वाट मोकळी सोडून आपण फक्त साहित्य संमेलनाच्या मांडवाकडे तोंड करून उभे राहिलो, तर दोष आपलाच आहे.

ही मालिका झी मराठीवर २०१५ च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत संपली. मुंबईतले एक घर, त्यात राहणारे सहा जण, तीन मुली आणि तीन मुलगे. लग्न होऊन मुंबईला आलेल्या रेश्माला कळते की नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत. ती माहेरी परत जात नाही, घरच्यांना सांगत नाही, या अनोळखी मुलामुलींच्या घरात राहते. मराठी मालिकांतल्या सुना तोवर जे सोसत होत्या ते पाहता, नवऱ्याचे घर सोडून मित्रांच्या घरात राहणारी विवाहित मुलगी ही लहान गोष्ट नव्हती. हे श्रेय मी नाकारीत नाही. लेखन चुरचुरीत होते, नटमंडळी ताजी होती, आणि सासूसुनांच्या कटकारस्थानांतून प्रेक्षकाला थोडा वेळ सुटका मिळत होती.

परंतु त्या घराचे नाव होते 'माजघर'. शब्दातली गंमत कळते. माज करणाऱ्यांचे घर. मला मात्र ते नाव ऐकताना जुन्या वाड्याचे माजघर दिसते. ओटी, पडवी, मग माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर आणि देवघर. आमची आजी वाड्यावर जायची ती मागच्या अंगाने, आणि तिची धाव अंगणापर्यंत. ओटीवर पाय ठेवायचीही सोय नव्हती, मग माजघर कुठले! म्हणजे मराठी घराच्या ज्या भागात आपल्याला शतकानुशतके पाऊल टाकता आले नाही, नेमके त्याचेच नाव एका आधुनिक, मोकळ्या, 'कुणीही यावे, राहावे' अशा घराला दिले गेले, आणि ते देणाऱ्यांना त्यात काही खटकले नाही. मी त्यांच्यावर हेतूचा आरोप करीत नाही. खटकले नाही, हाच माझा मुद्दा आहे.

आता आडनावे पाहा. कारखानीस, साठे, इनामदार, शेवाळे, शिवलकर, मॅथ्यूज. एका ख्रिस्ती मुलीला घरात जागा आहे. धर्माचे वेगळेपण मालिकेला चालते, त्यातून विनोदही निघतो. यात 'साठे' हे आडनाव मोठे बोलके आहे. अण्णा भाऊ साठे यांचेही आडनाव तेच आणि सदाशिव पेठेतल्या एखाद्या वैद्यांचेही तेच. मालिकेतला साठे कोणता, हे प्रेक्षकाला एकदाही विचारावे लागले नाही. त्याच्या बोलण्याचालण्यातून, शिस्तीतून, सुरांतून ते आधीच ठरलेले असते. जात सांगितली नाही म्हणजे जात नाही असे नव्हे. ज्यांची जात सर्वसाधारण मानली जाते त्यांनाच ती न सांगण्याची चैन परवडते. बाकीच्यांना न सांगणे म्हणजे चोरणे.

'जात चोरणे' हा शब्दप्रयोग लिहिला की बाबूराव बागूल आठवतातच. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ चा. त्यातली शीर्षककथा ही, मला वाटते, आपल्या साहित्यातली भाड्याच्या खोलीची पहिली मोठी कथा आहे. परगावी नोकरी लागलेला तरुण, डोक्यावर छप्पर हवे म्हणून जात न सांगता राहतो, आणि उघड झाल्यावर मार खातो. तिच्याही आधी घडलेली खरी हकीकत आहे ती बडोद्याची. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले, पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत उतरले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दिवस बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. आपल्या नागर जीवनाचा आरंभ हा असा आहे. खोलीपासूनच. गावातल्या विहिरीविषयी आणि देवळाविषयी आपण पुष्कळ लिहिले. शहरातल्या खोलीविषयी त्या मानाने कमी, आणि खोली शोधणाऱ्या आपल्या मुलीविषयी तर फारच कमी. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ चे, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे, ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ चे. या लेखिकांनी वस्ती, शाळा, संसार, चळवळ उजेडात आणली. त्यांच्या नातींच्या वयाची मुलगी आज पुण्यात कॉटबेसिसवर राहते, तिचे पुस्तक अजून यायचे आहे. ते येईपर्यंत तिची जागा मालिका भरून काढतात, आणि ज्या पद्धतीने भरतात ती तपासली पाहिजे.

या मालिकेचे दुसरे पर्व २०१७ साली आले. नाव 'दिल दोस्ती दोबारा'. नट तेच सहा, पण पात्रे नवी, नावे नवी, घर नवे. पहिल्या पर्वातल्या रेश्माचे काय झाले, तिच्या मोडलेल्या लग्नाचे ओझे पुढे कुणी वाहिले, हे विचारायची सोयच राहिली नाही. तोच चेहरा दुसरे नाव घेऊन हसत समोर आला. या वेळी सहा जणांनी मिळून 'खयाली पुलाव' नावाचे उपाहारगृह चालवायला घेतले होते. सहा मित्र एकत्र अन्न शिजवतात आणि गावाला विकतात, ही कल्पना चांगली होती. महाराष्ट्रात हॉटेल आणि जात यांचे नाते काय आहे हे ज्यांनी कान तुटलेल्या वेगळ्या कपातून चहा प्यायला आहे त्यांना सांगायला नको. शिजवणारा हात कोणाचा, ताट उचलणारा कोणाचा, गिऱ्हाईक कोणाला नाव विचारते, या प्रश्नांनी एक अख्खे पर्व पेटले असते. पण उपाहारगृह हे तिथे चटपटीत संवादांचे नेपथ्य राहिले. ऑगस्टमध्ये ती मालिका आटोपली; पहिलीचे वेड तिच्या वाट्याला आले नाही.

त्याच ऑगस्टच्या शेवटी, सहा हजार किलोमीटरहून कमी अंतरावर, दक्षिण कोरियात जेटीबीसी वाहिनीवर दुसऱ्या एका मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले होते. मला ते पुष्कळ उशिरा, एका विद्यार्थिनीच्या आग्रहाने पाहायला मिळाले. 'हॅलो, माय ट्वेन्टीज' या नावाने ती आपल्याकडे पाहता येते. मूळ नावाचा अर्थ 'तारुण्याचा काळ' असा आहे. लेखिका पार्क यॉन-सॉन. पहिले पर्व २०१६ मध्ये बारा भागांचे, दुसरे २०१७ मध्ये चौदा भागांचे. सोलमधल्या एका भाड्याच्या घरात राहणाऱ्या पाच मुली. त्यातली युन जिन-म्यॉंग शिकवण्या, उपाहारगृह, रात्रीचे दुकान अशी एकावर एक कामे करते, पदवी लांबत जाते. भाऊ सहा वर्षे बेशुद्धावस्थेत पडून आहे. कामावरचा व्यवस्थापक तिच्याकडे कसा पाहतो आणि ती ते का सोसते, हे लेखिकेने एकही मोठे भाषण न देता दाखवले आहे. गरिबी म्हणजे काय, तर झोप नसणे. हे मी मराठी मालिकेत कधी पाहिलेले नाही. आमच्या मालिकेतली गरीब मुलगीसुद्धा सकाळी ताजीतवानी उठते.

पहिल्या पर्वाच्या शेवटी त्यांच्यातल्या एकीवर, जंग ये-उनवर, तिच्याच प्रियकराने हात टाकलेला असतो, तिला कोंडून ठेवलेले असते. दुसरे पर्व सुरू होते तेव्हा एक वर्ष गेले आहे आणि ये-उन अजून बरी झालेली नाही. शिक्षणात वर्षाचा खंड पडला आहे, एकटीने बाहेर जाता येत नाही. मैत्रिणी तिला नेतात, आणतात. अधूनमधून त्यांनाही कंटाळा येतो, आणि तो येतो हेही दाखवले आहे. दुसरी एक, सोंग जी-वन, सारखी बडबडणारी, खोटे सांगून हसवणारी. तिला लहानपणच्या मैत्रिणीवर शिक्षकाने केलेला अत्याचार हळूहळू आठवत जातो आणि ती ते चारचौघांत बोलून दाखवते. जिन-म्यॉंगला आता कायमची नोकरी आहे, आणि त्या नोकरीत दुसऱ्या एका गरीब पोराला 'तुझी आता गरज नाही' असे सांगण्याचे काम तिच्याच गळ्यात पडते. काल जिला व्यवस्थेने भरडले ती आज व्यवस्थेचा निरोप घेऊन उभी आहे. आपल्यातल्या किती साहेबांना हे दृश्य दाखवावे, असे मनात आले.

एकाच वर्षीच्या या दोन दुसऱ्या पर्वांत मला एक मूलभूत फरक दिसतो. कोरियन लेखिकेच्या दृष्टीने दुसरे पर्व म्हणजे जखमेचा हिशेब पुढे चालू ठेवणे. मराठी मालिकेच्या दृष्टीने दुसरे पर्व म्हणजे पाटी कोरी करणे. व्यवसायाच्या अडचणी असतील, वाहिनीचे गणित असेल. ते मला मान्य आहे. पण पाटी कोरी करता येते असा विश्वास कोणत्या वर्गाजवळ असतो? ज्याला मागचे काही चिकटून येत नाही त्याच्याजवळ. 'सैराट' २०१६ चा. आर्ची आणि परश्या गाव सोडतात, हैदराबादला झोपडपट्टीतल्या खोलीतून सुरुवात करतात, दुकान, नोकरी, मूल, फ्लॅट असे एकेक पायरीने चढत जातात. हे त्यांचे दुसरे पर्व. आणि शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन त्याच फ्लॅटच्या दारात येतात, त्यांना चहा दिला जातो. नागराज मंजुळे यांना जे ठाऊक आहे ते माजघरातल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

याच २०१७ च्या सप्टेंबरात, म्हणजे 'दोबारा' आटोपून फार दिवस झाले नव्हते आणि तिकडे कोरियन पर्व चालू होते तेव्हा, आमच्या पुण्यात काय घडले? हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकीण बाईंविरुद्ध पोलिसात तक्रार केली. तक्रार अशी की त्यांनी स्वतःला ब्राह्मण आणि सवाष्ण म्हणवून सोवळ्यातला स्वयंपाक केला. प्रत्यक्षात त्या ब्राह्मणही नाहीत आणि सवाष्णही नाहीत. निदर्शने झाली, ओरड झाली, काही दिवसांत तक्रार मागे घेतली गेली. ती स्वयंपाकीण मराठा समाजातली होती, विधवा होती, साठीच्या घरातली होती. तिच्या हाताने जर देव बाटत असतील, तर आपल्या मुलीच्या हाताने काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. ही घटना खेड्यातली नाही, पेशवाईतली नाही. ज्या शहरात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, ज्या शहरातल्या त्यांच्या शाळेत शिकून मुक्ता साळवेने १८५५ साली मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, त्या शहरातली आहे. आणि घटनेचे स्थळ स्वयंपाकघर आहे.

मी स्वतः पुण्यात शिकायला आले तेव्हा पहिले वर्ष शासकीय वसतिगृहात काढले. नंतर पेठेतल्या एका वाड्यात तिघींबरोबर खोली घेतली. घरमालकीणबाईंनी तीन प्रश्न विचारले. आडनाव काय, मूळच्या कुठल्या, आणि 'नॉनव्हेज' खाता का. तिसरा प्रश्न सगळ्यांना विचारतात. पण त्याचा अर्थ पहिल्या दोन उत्तरांवर ठरतो. माझे आडनाव गावावरून पडलेले, त्यामुळे निभावले. तिघी मुली चांगल्या होत्या. माझ्या तापात त्यांनी रात्री जागवल्या, माझ्या परीक्षेला पेन उसने दिले, माझ्याबरोबर रडल्या. एक दिवस त्यातल्या एकीची आई गावाहून आली. बोलता बोलता तिने माझ्या वडिलांचा व्यवसाय, आमची गल्ली, गल्लीच्या टोकाला काय आहे ते सगळे काढून घेतले. संध्याकाळी मी ग्रंथालयातून परतले तर खोलीतली सगळी भांडी घासून उन्हात पालथी घातलेली होती. लोणच्याची बरणी रिकामी करून धुतलेली होती. कोणी काही बोलले नाही. माझी मैत्रीण माझ्याकडे बघेना. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आम्ही एकत्र जेवू लागलो, हसू लागलो, आणि ती आजही माझी मैत्रीण आहे.

मीही काही बोलले नाही. उलट त्या रात्री बाबासाहेबांचा लहानसा फोटो मी टेबलावरून काढून पेटीत ठेवला. हे मी पंधराएक वर्षांनी लिहिते आहे, आणि अजूनही हात जड होतो.

मैत्रीच्या आत जे मौन असते ते 'दिल दोस्ती'च्या कोणत्याही भागात मला भेटले नाही. मालिकेला वाईट माणूस दाखवता येतो, गैरसमज दाखवता येतो, पण जिच्यावर आपला जीव आहे त्या मैत्रिणीच्या आईने धुतलेली बरणी दाखवता येत नाही. कारण ती दाखवली की 'आम्ही सगळे सारखेच' या गृहीतकावर उभे असलेले घर हलते. कोरियन मालिकेत मैत्रिणी एकमेकींना दुखावतात, एकमेकींवर संशय घेतात, आणि तरीही एका टेबलाशी बसतात. तिथे मैत्री ही मेहनतीने उभी केलेली वस्तू आहे. म्हणून ती मला परकी वाटली नाही.

तरी कोरियन मालिकेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. तिच्यातही सगळे चेहरे देखणे आहेत, घर ऐसपैस आहे, त्याला 'बेल एपोक' असे फ्रेंच नाव आहे, आणि जखमा शेवटी पुष्कळशा भरतात. शिवाय कोरियालाही स्वतःचे अस्पृश्य होते. पेकजॉंग म्हणत त्यांना. खाटीककाम, कातडीकाम करणारे. १८९४ च्या सुधारणांनी कायद्याने दर्जा संपला तरी वेगळी वस्ती, शाळेत अडवणूक चालूच होती. १९२३ साली जिंजू या गावी त्यांनी 'ह्यॉंगप्यॉंग' चळवळ उभारली. नावातच तागडी आहे; खाटकाच्या हातातली तागडी त्यांनी समतेची खूण केली. आपली बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची, महाडचा सत्याग्रह १९२७ चा. पुढे वसाहत, युद्ध, फाळणी, स्थलांतर यांच्या रेट्यात तिथली ती ओळख विरघळली. सोलमधल्या भाडेकरू मुलीला आज कोणी वंश विचारीत नाही. पैसे मात्र विचारतात. आपल्याकडे दोन्ही विचारतात.

पैशांचेही सांगते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. पुण्यासारख्या शहरासाठी योजना सुरू होताना वर्षाला ६० हजार रुपये ठरले. त्यात निवासासाठी २० हजार. म्हणजे महिन्याला सोळाशे सदुसष्ट रुपये. त्यात पुण्यात कुठली कॉट मिळते ते कोणत्याही मुलीला विचारा. रक्कम उशिरा आली की तिला आईच्या मजुरीतून पैसे मागवावे लागतात. तेव्हा माझ्या विद्यार्थिनींपैकी कित्येकींच्या दृष्टीने 'रूममेट' हा शब्द मौजेचा नसून भाडे विभागण्याचा आहे. त्यांना सोबतिणी निवडता येत नाहीत. ज्या घेतील त्यांच्याबरोबर राहावे लागते.

आणि सोबतिणी कशा असू शकतात हे पायल तडवीने दाखवून दिले. आदिवासी तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात तिने जीव दिला. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवण्यात आला. सुरुवातीला त्यांच्यातल्या दोघींच्या खोलीत तिला राहावे लागले होते आणि तिच्या गादीला त्या पाय पुसत, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण एका खोलीत राहणाऱ्या शिकलेल्या तरुण मुली, हाच ना आपला विषय? हाच तर या मालिकांचाही विषय. पायलनंतर मराठीत 'एका घरातल्या मैत्रिणी' ही कथा पूर्वीच्या निरागसपणाने लिहिता येणार नाही, असे मला वाटले होते. त्याच वर्षी 'गर्ल्झ' नावाचा चित्रपट आला, मुलींच्या मौजमजेचा. चालला.

मागच्या आठवड्यात माझ्याकडे एक मुलगी आली होती. बीड जिल्ह्यातली, ऊसतोड कामगारांची, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. कोरियन मालिका मला दाखवली ती हीच. तिला चौघींच्या एका फ्लॅटमध्ये जागा मिळाली आहे. मुलींनी दारावर लावायला एक पाटी रंगवली आहे, फुले वगैरे काढून. त्यावर तिघींनी आपापली नावे आडनावांसह लिहिली आहेत आणि चौथी ओळ तिच्यासाठी रिकामी ठेवली आहे. "मॅडम, नुसतं नाव लिहू की आडनाव पण लिहू?" असे तिने विचारले. मी तिला चहा दिला, अभ्यासाचे विचारले, आईची चौकशी केली. पाटीचे उत्तर अजून दिलेले नाही.